बिल्ल्याची कोरी बाजू

त्या माणसाने आधी हातांत पांढरे मोजे चढवले आणि मगच माझ्याकडून बिल्ला घेतला. माझ्या मायने हाच बिल्ला शेणाच्या हातांनी घेतला होता. तेव्हा बिल्ल्याला काही झालं नव्हतं.

जालन्यातल्या एका मंगल कार्यालयात जुन्या नाण्यांचं आणि पदकांचं प्रदर्शन भरलं होतं. मी आणि माझा धाकटा भाऊ किसन हसनाबादहून सकाळच्या एसटीने तिथे गेलो. किसनने मोबाइलवर पाहिलं होतं की जुन्या नाण्यांना लाखाने पैसे मिळतात. तेव्हापासून त्याने माझ्यामागे लकडा लावला होता. मी मात्र माझ्या कामासाठी गेले. बिल्ल्याच्या पुढच्या बाजूला बैलजोडी आहे आणि कडेने अक्षरं आहेत. मागच्या बाजूला जोंधळ्याच्या कणसांचा गोल आहे आणि त्याच्या मधोमध कोरी जागा. ती नावासाठी सोडलेली आहे. माझ्या लहानपणापासून ती तशीच आहे. तिथे मला माझ्या मायचं नाव घालायचं होतं, आणि ते मी जिवंत असेपर्यंतच व्हायला हवं होतं. हा बिल्ला खरा कुणी मिळवला, हे डोळ्यांनी पाहिलेलं माणूस आता मी एकटीच उरले आहे.

मोजेवाला पन्नाशीचा होता. एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी हे, असं त्याने सांगितलं. त्याने डोळ्याला भिंग लावलं, बिल्ला उलटा केला, सुलटा केला, कडेकडेने फिरवला, छोट्या तराजूत ठेवला. मग त्याचा आवाज एकदम मऊ झाला.

"आजी, हे कशात ठेवलं होतं?"

"लोकरीत."

"कधी घासलं न्हाई? चिंच, राख, काही?"

"न्हाई."

"फार चांगलं केलं. हा काळा रंग बघा. उजेडात धरला की निळी झाक मारतो. हा लोकरीनं आणलेला रंग आहे, असा विकत मिळत न्हाई. लोक दरसाल दिवाळीला घासून घासून चांदी पांढरी करतात अन् मंग आमच्याकडं घेऊन येतात. घासलेल्या मालाला आम्ही हात लावत न्हाई."

किसनने माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही ती लोकर त्यानेच गुंडाळली होती.

लोकर अजून माझ्या पिशवीतच होती, मुठीएवढा काळा गोळा. त्या कार्यालयात अत्तराचा आणि तळणाचा वास होता. तरी पिशवीचं तोंड उघडलं की तो जुना वास वर यायचा. ओलं मेंढरू, लेंड्या, उन्हात तापलेली धूळ आणि तुपकट असं काहीतरी, हे सगळं मिळून तो वास होतो. आमच्या घरात तो गोधड्यांना होता, भाकरीला होता, माझ्या पाटीलाही होता. चौथीपर्यंत शाळेत माझ्याजवळ कुणी बसलं नाही ते त्या वासामुळे. मला त्याचं काही वाटलं नाही. सतरंजीचा अख्खा पट्टा मला एकटीला मिळायचा.

वर्षातून दोनदा कातरणी असायची. नदीच्या डोहात आदल्या दिवशी मेंढरं धुऊन काढायची, दुसऱ्या दिवशी बाभळीखाली कातर चालायची. खच, खच, खच. दुपारपर्यंत तो आवाज कानात असा बसायचा की जेवतानाही भाकरी त्याच तालावर मोडली जायची. कातरलेलं मेंढरू सोडलं की आधी जागच्या जागी उभं राहायचं, मग एकदम उधळायचं. कोकरांना आपली माय ओळखू यायची नाही. ती ओरडत प्रत्येकीजवळ जायची, हुंगायची आणि पुढे पळायची. तासभर रानात नुसता तोच कालवा. मग एकेक कोकरू आपापल्या मायच्या आचळाला लागायचं आणि हळूहळू सगळं शांत व्हायचं. त्यानंतर घोंगड्या विणल्या जायच्या, त्यांना चिंचोक्याची खळ लावली जायची. खळ शिजताना आंबूस वाफ उठायची. शेजारच्या बाया नाकाला पदर लावायच्या. मला त्या वासाने भूक लागायची.

तर बाश्या. बाश्या म्हणजे आमचा एडका, मेंढा. हा बिल्ला त्याच्यावरच मिळालेला. तो जन्मला त्याच दिवशी त्याची माय मेली. बा म्हणाला, "हे काही जगत न्हाई, सोड." मायने सोडलं नाही. आमच्याकडे एक शेळी होती. मायने तिचे मागचे पाय आपल्या दोन पायांत आवळले आणि कोकराला तिच्याखाली धरलं. शेळी लाथा झाडायची. त्या उन्हाळ्यात मायच्या पोटऱ्यांवर सगळे निळे डाग होते. माय हरभरा निवडायला बसली की मूठभर ओच्यात जायचा. बाभळीखालून फिरताना शेंगा ओच्यात जायच्या. आजीला हे दिसायचं, ती बोलायचीही. माय ऐकून घ्यायची आणि ओचा तसाच भरलेला असायचा.

बाश्या मोठा झाला तेव्हा त्याची शिंगं कानामागून दोन वेढे घेऊन पुढे आली होती. माय त्यांना करडईचं तेल चोळायची. नदीत तो एकटा उतरायचा नाही. माय आधी लुगड्यासकट पाण्यात उतरायची, मग तो. रिठ्याचा फेस त्याच्या पाठीवरून वाहत जायचा आणि तो डोळे मिटून उभा राहायचा. गडीमाणसाला मात्र तो जवळ येऊ द्यायचा नाही. बाला त्याने दोनदा आडवं पाडलं होतं. दुसऱ्या वेळी बा उठून कपडे झटकत म्हणाला, "तुझा बाश्या तूच सांभाळ." हे वाक्य मी स्वतः ऐकलं आहे. म्हणून लिहून ठेवते.

मोजेवाल्याने बिल्ला मखमलीवर ठेवला आणि आम्हाला त्याची मांडणी दाखवली. माणूस वाईट नव्हता. एका काचेखाली सरकारने कुणाच्या शंभरीला, कशाच्या पन्नाशीला काढलेली चांदीची नाणी होती. निळ्या डब्यांत बसवलेली, आरशासारखी. ती बाजारात कधी फिरतच नाहीत, म्हणाला. डब्यातून काढून बोट लावलं की किंमत उतरते.

"मंग ह्यानं कुणी काय घेतलं?" मी विचारलं.

"घ्यायचं न्हाई आजी. ठेवायचं."

म्हणजे ज्या नाण्याने कधी मीठसुद्धा विकत आणलं नाही ते सगळ्यांत महाग. बरं. ज्याचा धंदा त्याला माहीत.

दुसऱ्या काचेखाली पिवळे वीस पैसे होते, कमळाचे. ते मी लगेच ओळखले. ते निघाले तेव्हा गावोगाव बोलवा उठली होती की त्यांत सोनं आहे. बायांनी ते मोडायचं सोडून दिलं आणि सोनाराकडे नेले. माझ्या सासूनेही सात नाण्यांना कड्या डाकवून माळ केली होती. हे मी त्या माणसाला सांगितलं.

"कड्या डाकवल्या का? अरारा. मंग ती गेली."

"गेली कुठं? तिनं बारा वर्षं गळ्यात घातली."

"किंमत गेली म्हणतो मी."

"तिचा गळा हिरवा व्हायचा त्यानं," मी म्हणाले. "लग्नाला जायचं असलं की आधी चुन्यानं घासायची. मंग माळ घालायची."

तो हसला. किसन हसला नाही. तो मुद्द्यावर आला. "आमच्या मालाचं काय, ते सांगा ना साहेब."

त्या माणसाने आकडा सांगितला. लाखाच्या जवळपासही नव्हता, पण कमीही नव्हता. त्यात दोन चांगले एडके येतील. किसनचा हात आपोआप खिशातल्या मोबाइलवर गेला, कुणाला तरी फोन लावायला.

"एक विचारायचं होतं," मी म्हणाले. "मागं कोरी जागा हाय. तिथं नाव घालायचं असलं तर कोण घालून देतं?"

त्याने भिंग खाली ठेवलं. "आजी, बिलकुल असं करू नका. नाव त्याच वेळचं असतं, तिथल्याच सोनाराच्या हातचं, तर किंमत वाढली असती. आज घातलं तर निम्म्याच्याही खाली. आज घातलेलं नाव खोटं धरतात."

"खोटं कसं? जिनं मिळवला तिचंच नाव."

"असेल. पण बाजारात खोटंच." तो म्हणाला. "हातात घेऊन बघणारा माणूस तेवढंच बघतो. त्याला काय माहीत कोण होतं, कोण न्हाई."

"म्हणून तर घालायचंय," मी म्हणाले आणि बिल्ला उचलून लोकरीत घातला. मोज्यांशिवाय.

बाहेर चहाच्या गाड्यावर किसनने दोन चहा सांगितले आणि माझ्याशी भांडायला सुरुवात केली. आमचं भांडण जुनं आहे. त्यात कुणी आवाज चढवत नाही.

"आक्का, तुझं डोकं फिरलंय का? एवढा पैका देऊन राह्यला तो."

"देऊ दे."

"बरं, विकायचा न्हाई तर न्हाई. मंग बाचं नाव घाल. बाला मिळालाय तो. बानं मला कितींदा सांगितलंय. सायबानं सगळ्यांसमोर हातात दिला म्हणून. माझ्या नव्या घरात काचेत लावतो, खाली बाचं नाव. आल्यागेल्यानं बघावं."

"तू होतास का तिथं?"

"मी कसा असन? मी कुठं जन्मलो होतो?"

"होतास. मायच्या पोटात. आठवा महिना चालू होता."

त्याने कप तसाच धरून ठेवला. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बा सांगायचा त्यात माय नसायचीच, तर पोट कुठून असणार?

मी त्याला तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. इथे नीट लिहिते.

प्रदर्शन तालुक्याच्या बाजारतळावर होतं, जनावरांचं. आमच्या घरापासून चार कोस. पहाटे थंडी होती. बाश्याच्या गळ्यात मायने स्वतः वळलेलं ताग आणि लोकर मिळून केलेलं दावं होतं. तिने ते घट्ट धरलं होतं आणि दुसरा हात कमरेवर. बा पुढे, माय आणि बाश्या मध्ये, मी मागे. माझ्याकडे भाकरीचं गाठोडं आणि हरभऱ्याची पिशवी. वाटेत तरवडाची पिवळी फुलं होती. बाश्या दर थोड्या वेळाने थांबायचा, माय थांबायची. की माय थांबायची म्हणून तो थांबायचा, हे मला तेव्हा कळलं नाही. पाच लेकरं झाल्यावर कळलं.

बाजारतळावर धुरळा, हलगी, बैलांच्या घुंगरांचे आवाज, गोडेतेलात तळलेल्या शेवेचा वास. बाने फेटा नव्याने बांधला आणि दावं हातात घ्यायला गेला. बाश्याने मान खाली घातली. बा दोन पावलं मागे सरला. आजूबाजूचे गडी हसले. "राहू दे," बा मायला म्हणाला, "तूच धर. पण मागं उभी राहा."

साहेब आपल्यातलेच होते, पण टोपीवाले. त्यांनी बाश्याची पाठ दाबली, लोकर बोटांनी उघडून कातडं पाहिलं, ओठ वर करून दात मोजले. एवढा वेळ बाश्या हलला नाही, कारण मायचा तळवा त्याच्या हनुवटीखाली होता. साहेबांनी बाला विचारलं, "याला काय खाऊ घालता?"

बा मायकडे बघायला लागला.

माय पदराआडून म्हणाली, "हरभरा. बाभळीच्या शेंगा. अन् जवळ बसावं लागतं."

साहेबांनी मान हलवली, बाकडे बघून. जणू बाच बोलला होता.

पुढे टेबल होतं आणि टेबलामागे एक म्हातारा कारकून. त्याची भाषा अजून निजामाच्या वेळची होती. "मालक का नाम? बोलो, जल्दी बोलो." बाने आपलं नाव सांगितलं. कारकुनाने लिहून घेतलं. बा खोटं बोलला असं मी म्हणत नाही. मेंढरं बाची होती, बाश्या त्यांतला होता. दुसरं कुठलं नाव सांगता येतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नसणार. मायच्याही आलं नसेल. साहेबांनी बाच्या हातात बिल्ला दिला. कारकून म्हणाला, पीछे नाम डालते, दफ्तर को लेके आना. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माय बाश्याच्या कानामागे खाजवत होती.

त्याच दुपारी अंबडकडच्या एका माणसाने बाश्या विकत घेतला. का विकला ते मला माहीत नाही. मोठी माणसं लहानांना कारणं सांगत नसत. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नाही अशी आमच्यात रीत आहे. गिऱ्हाइकाने आपलं दावं आणायचं. मायने बाश्याच्या गळ्यातलं दावं सोडलं, त्या माणसाने आपलं बांधलं. बाश्या त्याच्यामागे जाईना. शेवटी मायच त्याला गाडीपर्यंत घेऊन गेली, नव्या दाव्याला धरून. परत आली तेव्हा आमचं दावं तिच्या खांद्यावर होतं.  घरी आल्यावर तिने पीठ मळलं. मी रडले, ती रडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बा बाहेर गेल्यावर माय शेण काढता काढता आत आली. कोनाड्यातला बिल्ला तिने तशाच हातांनी घेतला, उलटा केला आणि कोऱ्या जागेवर अंगठा फिरवला.

"हे असं कोरं का गं?" मी शाळेत जायचे म्हणून तिने मला विचारलं.

"तिथं नाव घालायचं असतंय. तालुक्याला नेला की घालून देतात."

"असं व्हय," माय म्हणाली. पेटीत बाश्याच्या पहिल्या कातरणीची लोकर ठेवलेली होती. तिने बिल्ला त्यात गुंडाळला. नंतर मेंढरं घेऊन बा गोदावरीकडे निघून गेला. तालुक्याला कुणी गेलं नाही. महिनाभराने किसन झाला. त्याचा पाळणा त्याच दाव्याला टांगला.

एवढं सांगून झालं तेव्हा किसनचा चहा गार झाला होता. तो म्हणाला, "चार कोस? आठव्या महिन्यात?"

"जाताना चार. येताना चार."

त्याने चहा ओतून दिला आणि दुसरा सांगितला.  मग म्हणाला, "पण बानं कधी असं सांगितलं न्हाई."

"बानं तुला खोटं न्हाई सांगितलं. त्याला जेवढं दिसलं तेवढं सांगितलं."

"मंग तुझं म्हणणं काय?"

"माझं म्हणणं, आता उठ. बस दुपारची हाय. त्याच्या आधी नाव घालून घ्यायचंय. पण बिल्ला माझ्या पेटीतला असला तरी माय दोघांची. तुला नको असंल तर इथंच सांग. मी न्हाई घालणार."

  त्याने चहाचे पैसे दिले आणि माझ्या मागोमाग चालू लागला.

मला सोनार नको होता. सोनार दहा प्रश्न विचारतो आणि चांदी बघितली की त्याचा चेहरा बदलतो. मी जुन्या बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात गेले. नाव घालणं हा त्यांचा रोजचा धंदा आहे. लेकीला हंडा दिला, नाव घाला. वास्तुशांतीला पातेलं दिलं, नाव घाला. माझ्या घरात एक वाटीसुद्धा बिननावाची नाही. परातीवर सासऱ्याचं नाव, कळशीवर दिराचं, ताटांवर मामाचं. माझ्या लग्नात आलेल्या सगळ्या भांड्यांवर बाचं नाव आहे, ठळक. त्याच लग्नात मायने कुणी बघत नसताना लोकरीचा गोळा माझ्या पेटीच्या तळाशी ठेवला होता. त्यावर कसलंच नाव नव्हतं.

मायला घरात कुणी नावाने हाक मारत नव्हतं. बा म्हणायचा, "अगं ए." आजी म्हणायची, "पोरी." गावात ती अमक्याची बायको, नंतर अमकीची माय. एकदा मामा आला आणि अंगणातूनच ओरडला, "केसर! ए केसर!" मी घरात शोधायला लागले की ही केसर कोण. माय जशी उठून पळत बाहेर गेली, तसं पळताना मी तिला पुन्हा पाहिलं नाही. तेव्हा मी सहा वर्षांची असेन. माझ्या मायला नाव आहे हे मला त्या दिवशी कळलं.

दुकानात पितळेचा आणि भुशाचा वास होता. दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला, बिल्ला हातात घेतला आणि वजन पाहिलं. "मावशी, हे भांडं नव्हं. चांदी हाय ही. घसरलं तर मला बोलू नका."

"न्हाई बोलत. घाला."

"काय घालायचं? अमक्याच्या स्मरणार्थ?"

"स्मरणार्थ न्हाई. नुसतं नाव."

त्याने मला कागद आणि पेन दिलं. मी लिहिलं. माझं अक्षर चौथीत होतं तसंच आहे, मोठं आणि उभं, काना सरळ खाली येणारा. मोतीबिंदूमुळे ओळ जरा चढली. दुकानदाराने कागद बिल्ल्याजवळ धरून पाहिला.

"एवढंच? पूर्ण नाव न्हाई? नवऱ्याचं नाव, आडनाव? दोन ओळीत बसवतो की बराबर. बारीक करतो."

मी तोंड उघडायच्या आत मागून किसन बोलला. तो दाराशी उभा होता. "नुसतं तिचंच घाला."

मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तो ओशाळला असता.

"कोण ह्या तुमच्या?" दुकानदाराने विचारलं.

"आमची माय."

"आहेत का?"

"न्हाईत. लई वर्षं झाली."

"मंग पुढं कै. लावतो. तशी पद्धत हाय."

"लावू नका," मी म्हणाले. "हा मिळाला तवा ती जिती होती."

त्याने खांदे उडवले आणि मशीन चालू केलं. ते मशीन चिडलेल्या भुंग्यासारखं वाजतं. बिल्ला त्याने लाकडी ठोकळ्यावर दाबून धरला आणि सुई टेकवली. लोकरीने आणलेला तो काळा रंग, ज्याला मोजेवाल्याने एवढं नावाजलं होतं, सुईखाली फाटत गेला आणि आतून पांढरी चांदी दिसायला लागली. आधी एक उभी रेघ. मग वेलांटीसारखा एक बाक, तिथे त्याचा हात जरा घसरला. मी काही बोलले नाही. तसं ठरलंच होतं. बाहेर हमाल कुणाला तरी शिव्या देत होता, रिक्षावाले ओरडत होते, आणि माझ्यासमोर एकेक अक्षर पांढरं होत होतं. मी मोजत नव्हते, तरी वेळ खूप लागला असं वाटलं. एवढ्या वर्षांचं काम होतं, तेवढा तर लागणारच.

दुकानदाराने फुंकर मारली. चांदीची भुकटी उडाली. त्याने बिल्ला फडक्याने पुसायला घेतला. मी त्याच्या हातातून तो काढून घेतला, पुसू दिला नाही.

किसन पुढे आला. त्याने माझ्या तळहातावरचा बिल्ला आपल्या दोन्ही हातांत घेतला, दाराच्या उजेडाकडे वळला आणि शाळेतल्या पोरासारखं एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचलं, "के-स-र-बा-ई."

आपल्या मायचं नाव लेकाने घ्यायची आमच्यात पद्धत नाही. सत्तरीला आलेल्या माझ्या भावाच्या तोंडून ते मी पहिल्यांदा ऐकलं. त्याला ते घ्यायला जड गेलं, पण त्याने घेतलं.

"ते मोजेवाले साहेब बघतील तर रडतील," तो म्हणाला.

"रडू दे."

"आता कुणी दहा रुपयेबी देणार न्हाई ह्याचे."

"मागतंय कोण?"

आम्ही स्टँडकडे चालायला लागलो. बिल्ला त्याने मला परत दिला नव्हता, शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला होता आणि वरून हात धरला होता. मी मागितलाही नाही. मी गेल्यावर तो त्याच्याच काचेत राहणार आहे, आणि खाली काय लिहायचं हे आता त्याला माहीत आहे. हसनाबादची गाडी लागलेली होती, गर्दी होती. किसन दाराशी थांबला.

"आक्का, तो बाश्या दिसायला कसा होता गं? म्हंजे, बराबर सांग. सगळं."

"आधी जागा धर," मी म्हणाले.

त्याने खिडकीजवळची जागा धरली. मी बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि शिंगांपासून सांगायला सुरुवात केली.